शिकाऊंना फितूर करावे का?

‘स्पेस स्टेशन १३’ हा खेळ दिसायला वीस वर्षांपूर्वीचा वाटतो, कारण तो आहेच तेवढा जुना. २००३ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने ‘बायाँड’ या प्रणालीवर, बंद खोल्यांतून हवा आणि वायू कसे पसरतात याचे गणित मांडून पाहिले. त्या गणिताभोवती पुढे एक अख्खे अवकाशस्थानक उभे राहिले. वरून पाहिलेला चौकटी-चौकटींचा नकाशा, ठिपक्यांची माणसे आणि संवाद सगळा टाइप करून. पण आत शिरल्यावर कळते, की माणसाला इतक्या मनापासून नोकरी करायला लावणारा खेळ दुसरा सापडणे कठीण. कोणी कप्तान, कोणी डॉक्टर, कोणी इंजिन सांभाळणारा, कोणी आचारी, कोणी झाडूवाला, कोणी चक्क विदूषक. गर्दीच्या वेळी पन्नास-साठ माणसे तास-दोन तास आपापले काम करत असतात. त्यांतल्या मोजक्यांना मात्र सुरुवातीलाच गुपचूप सांगितलेले असते, की तू फितूर आहेस.

फितुराच्या खिशातल्या पीडीएमध्ये, म्हणजे छोट्या संगणकात, एक छुपे दुकान उघडते. त्यातून शस्त्रे, बनावट ओळखपत्रे आणि दरवाजे फोडायची साधने घेता येतात. अमक्याला संपव, कप्तानाजवळची तमकी वस्तू पळव, शेवटी जिवंत सुटून जा, अशी कामे त्याला दिलेली असतात. बाकीच्यांना यातले काही ठाऊक नसते. खेळाची सगळी धग इथे आहे.

याच खेळाची नव्याने लिहिलेली, मुक्तस्रोत आवृत्ती म्हणजे ‘स्पेस स्टेशन १४’. तिच्यात एक गोष्ट फार विचारपूर्वक केलेली दिसते. बहुतेक मोठ्या विभागांत एकेक शिकाऊ पद आहे. वैद्यकीय विभागात इंटर्न, इंजिन विभागात टेक्निकल असिस्टंट, संशोधनात रिसर्च असिस्टंट आणि सुरक्षेत कॅडेट. काल-परवा खेळ उतरवून घेतलेल्या माणसाने इथून सुरुवात करावी, चुका कराव्यात, विचारावे. आणि फितूर निवडण्याच्या सोडतीत ही शिकाऊ पदे सहसा धरली जात नाहीत. इंटर्न दिसला की समजावे, हा सुरुवातीपासूनचा फितूर नाही.

यावर आक्षेप येतो, आणि तो वारंवार येतो. का नाही? शिकाऊ माणूस फितूर निघाला तर गोष्ट रंगेल. नवख्यांनाही खलनायकीची चव मिळेल. ‘इंटर्न आहे म्हणजे निर्दोष’ ही नियमपुस्तकातून आलेली खात्री गोष्टीत घुसते, ती जाईल. आक्षेप पोरकट नाही. त्याला उत्तर देण्याआधी, छुप्या खलनायकांचे दुसरे खेळ नवख्याचे काय करतात हे पाहिलेले बरे.

या जातीचे खेळ आपल्याला नवे नाहीत. राजा, प्रधान, शिपाई, चोर अशा चार चिठ्ठ्या करून उडवायच्या आणि चोर ओळखायचा, हा खेळ सुट्टीत कोणत्या घरात झाला नसेल? तिथे पहिल्यांदा खेळणाऱ्या पोरालाही चोराची चिठ्ठी येते आणि कोणाची तक्रार नसते. शिकण्यासारखे काही नाही, डाव मिनिटभरात संपतो. १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ यांनी ‘माफिया’ रचला. त्यातही नवख्याला माफिया व्हावे लागते. तो लाजतो, अडखळतो, पकडला जातो, आणि एका संध्याकाळी असे बरेच डाव होतात. २०१८ मध्ये आलेला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचलेला ‘अमंग अस’ हा याच वंशातला. डाव दहा-पंधरा मिनिटांचा. मेलात तरी भूत होऊन उरलेली कामे करता येतात, म्हणजे मेलेल्यालाही खेळात जागा आहे.

टोकाचे उदाहरण हवे असेल तर १९८४ चा ‘पॅरानोइया’ हा कागद-फाशांचा भूमिकाखेळ घ्यावा. त्यात प्रत्येक पात्र एका बेकायदा गुप्त संघटनेचे सभासद असते, आणि शिवाय उत्परिवर्ती. दोन्ही गोष्टी देहदंडाच्या. म्हणजे टेबलाभोवतीचे सगळेच फितूर, आणि फितूर शोधून मारणे ही त्यांचीच नेमणूक! नवखा पहिल्या मिनिटापासून गुन्हेगार असतो आणि त्याचे काही बिघडत नाही, कारण प्रत्येकाला आपल्याच सहा प्रती मिळतात. एक मेली की दुसरी हजर.

या सगळ्यांत दोन अटी पाळल्या गेल्या आहेत. मरण स्वस्त आहे, आणि खलनायकीखेरीज शिकायचे फारसे काही नाही. अवकाशस्थानकावर या दोन्ही अटी मोडतात. तिथे मेलेला माणूस, कोणी त्याचे प्रेत दवाखान्यात ओढत नेऊन वाचवले नाही तर, उरलेला तासभर भूत होऊन दुसऱ्यांची गंमत बघत बसतो. आणि शिकायचे म्हणाल तर डोंगर आहे. दवाखान्यात मार, भाजणे, विषबाधा आणि श्वास कोंडणे हे वेगवेगळे मोजले जातात आणि प्रत्येकावर औषध वेगळे. इंजिन विभागात कृष्णविवरासारखा एक राक्षस चुंबकीय कुंपणात कोंडून त्याच्यापासून वीज काढतात. कुंपणाला ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रांचा प्रवाह तुटला की कुंपण पडते आणि तो राक्षस भिंती, माणसे, अर्धे स्थानक गिळत सुटतो. हे सगळे शिकवणारा धडा खेळात धड कुठे नाही. शिकवतात ती माणसे. डॉक्टर आपला पेशंट बाजूला ठेवून इंटर्नला बोलावतो आणि कोणती सुई कशासाठी ते दाखवतो.

माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथे आहे. शिकाऊंना सोडतीतून वगळतात ते नवख्याला जपण्यासाठी, असे सर्रास मानले जाते. नवख्यांनाही त्यामुळे ते थोडे अपमानास्पद वाटते. खरे पाहता ही सवलत शिकाऊपेक्षा शिकवणाऱ्याच्या उपयोगाची आहे. इंटर्न फितूर असू शकतो म्हटल्यावर त्याला रसायनांच्या खोलीत नेणारा डॉक्टर स्वतःच्या हाताने विष देत असतो. कुंपणाची यंत्रे कुठून बंद होतात हे टेक्निकल असिस्टंटला दाखवणारा इंजिनिअर घातपाताचा नकाशा देत असतो. शहाणा माणूस मग काय करील? शिकवणार नाही. ‘तिथे उभा राहा, कशाला हात लावू नको’ म्हणेल आणि आपल्या कामाला लागेल. फितूर निघालेला इंटर्न दहा डावांत एखादाच असेल, पण उरलेल्या नऊ डावांतले प्रामाणिक इंटर्नही कोपऱ्यात उभे राहतील.

‘ईव्ह ऑनलाइन’ने हे प्रत्यक्षात भोगले आहे. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा हा अंतराळखेळ २००३ चाच. तिथे विश्वासघाताला नियमांची आडकाठी नाही, उलट तेच त्याचे वैभव. २००५ मध्ये ‘गायडिंग हँड सोशल क्लब’ या भाडोत्री टोळीची माणसे ‘युबिक्वा सेराफ’ या संस्थेत साधे सभासद म्हणून शिरली. सुमारे वर्षभर काम करत मोक्याच्या जागांवर चढली, आणि एके दिवशी संस्थेच्या प्रमुखाचे जहाज पाडून कोठारे रिकामी करून निघून गेली. ही कथा त्या खेळाबाहेरच्या लोकांनीही मिटक्या मारत वाचली. तिची किंमत मात्र नंतर दाराशी येणाऱ्या प्रत्येक नवख्याने मोजली. नव्या सभासदाकडून त्याच्या खात्याच्या नोंदी मागायच्या, त्या तपासायच्या, महिनोन्महिने त्याला कोठाराजवळ फिरकू द्यायचे नाही, हे रिवाज झाले. कालच खाते उघडलेल्या माणसाच्या नोंदी कोऱ्या असतात, आणि मुरलेल्या हेराने उघडलेल्या दुसऱ्या खात्याच्याही कोऱ्याच. दोघांत फरक करायचा कसा? आपल्याच संस्थेतल्या सोबत्यांना गाठून मारण्याच्या प्रकाराला तिथे वेगळे क्रियापद पडले होते, इतका तो नित्याचा होता. २०१४-१५ च्या सुमारास सीसीपीने संस्थांना आपापसातला गोळीबार बंद ठेवण्याची मुभा दिली. संस्था नवख्यांना घ्यायला घाबरतात, ही तक्रार त्यामागे होती. विश्वासघातावर जगणाऱ्या खेळालाही शेवटी उंबरठ्यावर थोडी सुरक्षितता पुरवावी लागली, यापेक्षा बोलका पुरावा मला ठाऊक नाही. त्याच खेळात २००४ पासून ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ ही निव्वळ शिकवण्यासाठी काढलेली संस्था चालते, हेही सोबत सांगायला हवे. एवढ्या संशयातही शिकवणारे शिकवतात. पण त्यासाठी अख्खी संस्था उभारावी लागते, एकट्या डॉक्टरच्या भलेपणावर ते निभत नाही.

दुसरा मुद्दा चुकांचा. नवख्याच्या हातून झालेला अपघात आणि फितुराने केलेला घातपात बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. कोणी चुकीची झडप उघडली आणि ज्वालाग्राही वायू बोळात पसरला. कोणी पेशंटला दुप्पट औषध टोचले आणि तो गेला. शिकाऊ पद म्हणजे गाडीच्या मागची लाल ‘एल’ची पाटी. ती पाहून मागचा हॉर्न कमी वाजवतो, कारण समोरचा मुद्दाम आडवा येत नाही याची त्याला खात्री असते. उद्या त्या पाटीआड मुद्दाम धडक देणारे फिरू लागले, तर पाटी पाहून लोक वेग कमी करण्याऐवजी रस्ताच बदलतील.

अवकाशस्थानकाच्या बाबतीत इथे कायद्याचा एक पेचही आहे. या खेळात इतरांना विनाकारण मारण्याचा परवाना फक्त खलनायकांना असतो. बाकी कोणी ते केले तर तो नियमभंग, आणि अ‍ॅडमिन त्याला सर्व्हरवरून हाकलू शकतात. आज टेक्निकल असिस्टंटने इंजिन उडवले तर अ‍ॅडमिनला दोनच शक्यता तपासायच्या असतात, अज्ञान की टवाळखोरी. बहुतेकदा दोन प्रश्न विचारले की निकाल लागतो. शिकाऊ फितूर होऊ लागले तर अ‍ॅडमिनला खरे काय ते पडद्यामागच्या नोंदीत दिसेलच, पण शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या नवख्याला दिसणार नाही. तो एवढेच पाहील, की माझ्यासारखाच एक इंटर्न माणसे मारतोय आणि त्याला कोणी काही करत नाही. पुढच्या डावात तोही मारील आणि हाकलला जाईल. नवखा माणूस नियमावली वाचत नाही, शेजाऱ्याचे पाहून शिकतो. हा दोष त्याचा नव्हे, माणसाची जातच अशी.

आता त्या जुन्या खेळातल्या करड्या गणवेशाची कथा सांगायला हवी, कारण शिकाऊ पद सोडतीत टाकले तर काय होते याचा प्रयोग तिथे वर्षानुवर्षे आपसूक चालला आहे. ‘स्पेस स्टेशन १३’मध्ये वेगवेगळ्या विभागांचे इंटर्न मुळात नव्हते. होता तो फक्त ‘असिस्टंट’. करडे कपडे, हातात अवजारांची पेटी, ठरलेले काम काही नाही. नवख्याने याच पदावर यावे, स्थानक फिरून पाहावे, कोणाच्या हाताखाली उमेदवारी करावी, असा मूळ हेतू. पुष्कळ सर्व्हरांवर असिस्टंट फितूरही होऊ शकत असे. झाले काय? पद नवख्यांपेक्षा मुरलेल्यांना जास्त आवडले. डॉक्टर फितूर निघाला तर त्याला पेशंटही सांभाळावे लागतात, नाहीतर संशय येतो. असिस्टंटकडून कोणाची अपेक्षाच नाही, त्यामुळे तो दिवसभर मागच्या बोळांत काय करतो हे कोणी विचारत नाही. फितुरी मिळाली तर उत्तम आणि नाही मिळाली तरी दरवाजे फोडत हिंडायला मोकळा. करड्या गणवेशातल्या या टोळधाडीला खेळाडूंनी ‘ग्रेटाइड’ म्हणजे करडी लाट असे नाव दिले. सुरक्षारक्षकांच्या लेखी करडा रंग हाच संशय झाला. खरोखर नवखा असलेला असिस्टंट ‘दवाखाना कुठे आहे?’ विचारायला गेला तरी त्याच्या हातात बेडी पडायची. ‘टीजी’ नावाच्या प्रसिद्ध शाखेच्या संचिकांत असिस्टंटला खलनायकीतून वगळण्यासाठी वेगळा खटका ठेवलेला आहे, आणि मागच्या बोळांच्या किल्ल्या असिस्टंटला द्याव्यात की नाहीत याचाही. लोक उगाच खटके बनवत नाहीत.

‘स्पेस स्टेशन १४’ने यावरून धडा घेतलेला दिसतो. तिथे त्या विभागात ठरावीक तास खेळून झाले की शिकाऊ पद त्या खेळाडूला बंद होते. हात बसला आहे ना, मग आता पूर्ण डॉक्टर हो. ही अट मला सोडतीच्या नियमाइतकीच महत्त्वाची वाटते. ती नसेल तर मुरलेला खेळाडू इंटर्नचा गणवेश घालून बसतो आणि नवख्याची जागा अडवतो, फितुरी असो वा नसो.

कॅडेटचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि तो मला सगळ्यांत सोपा वाटतो. छुप्या खलनायकांच्या खेळात संशय सगळीकडे असला तरी कुठेतरी एक खुंटी घट्ट रोवलेली लागते. ‘गॅरीज मॉड’मधल्या ‘ट्रबल इन टेररिस्ट टाउन’मध्ये साधारण चारांतला एक जण फितूर असतो, पण डिटेक्टिव्ह कोण हे सगळ्यांना उघड असते आणि तो फितूर नसतो हेही. त्या एका खात्रीवर बाकीचा तर्क उभा राहतो. अवकाशस्थानकावर ते काम सुरक्षा विभाग करतो. रक्षकांच्या डोक्यात मन वळवू न देणारा ‘माइंडशील्ड’ बसवलेला असतो. काही सर्व्हर धाडसाने रक्षकांनाही फितूर होऊ देतात. मुरलेल्या मंडळींत तो डाव रंगतोही, मी नाकारत नाही. पण कॅडेट म्हणजे तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचलेला आणि बेड्या-काठी मिळालेला नवखा. त्याला फितूर केले तर दोनपैकी एक होते. तो गोंधळून पहिल्या पाच मिनिटांत पकडला जातो, नाहीतर तो नवखा नसतोच.

आता दुसरी बाजू. तिच्यातला सर्वांत वजनदार मुद्दा गर्दीचा आहे. रात्री उशिरा, किंवा आपल्याकडच्या खेळाडूंच्या सोयीच्या वेळी, बरेच सर्व्हर ओस असतात. वीस माणसे हजर, त्यांतले पाच शिकाऊ, चार-पाच रक्षक आणि अधिकारी. सोडतीत उरतात दहा, त्यांतही काहींनी फितुरीला आधीच नकार नोंदवलेला. मग तेच तीन-चार ओळखीचे लोक पुन्हापुन्हा फितूर होतात आणि सगळ्यांना ते पाठ होते. तक्रार खरी आहे. पण तिच्यावरचा इलाज शिकाऊंना सोडतीत ओढणे हा नव्हे. ओस सर्व्हरवर शिकाऊ जागाच कमी ठेवाव्यात, किंवा त्या डावात फितूर एकच असावा. जिथे शिकवायला फुरसत असलेला माणूसच हजर नाही, तिथे पाच इंटर्न हवेत कशाला?

दुसरा मुद्दा खात्रीचा. इंटर्न निर्दोष असतो हे कळल्याने लोक त्याला साक्षीदार करतात, त्याच्या हातात मौल्यवान वस्तू देतात. पात्राला जे कळायला नको ते खेळाडूला कळते, हे भूमिकाखेळात पापच. मान्य. तरी एक लक्षात घ्यावे, की ही खात्री अर्धीच आहे. सोडतीतला फितूर म्हणजे सगळे खलनायक नव्हेत. डाव मध्यावर आल्यावर बनणारे कितीतरी आहेत. रक्तपंथी लोक माइंडशील्ड नसलेल्या कोणालाही ओढून आपल्या पंथात घेतात, क्रांतिकारकांचे म्होरके डोळ्यांवर प्रकाशाचा झोत मारून माणूस फिरवतात. सकाळचा निर्दोष इंटर्न दुपारी पंथात गेलेला असू शकतो. या वाटा शिकाऊंना बंद करू नयेत असे माझे ठाम मत आहे. आधी सांगितलेली शिकवणाऱ्याची अडचणही इथे येत नाही. डाव सुरू होताना इंटर्न स्वच्छ असतो, त्यामुळे शिकवणी सुरू होऊ शकते. पुढे बिघडला तर ती गोष्ट झाली, आणि तिला कारण, जागा, साक्षीदार सगळे आहेत.

शिवाय या वाटेने गेलेला नवखा एकटा नसतो, आणि हे फार मोलाचे. सोडतीतल्या फितुराला कोणी मदतनीस नसतो. नवख्याला ती चिठ्ठी मिळाली की तो दुकान उघडतो, शंभर वस्तूंची यादी पाहून घाबरतो, काहीतरी चमकदार विकत घेतो आणि बोळात मरतो. पंथात गेलेल्याला मात्र चार जण सांगायला असतात, की इथे उभा राहा, हे चिन्ह काढ, आता पळ. जुन्या खेळात जादूगार नावाचा खलनायक आहे. तो एक करारपत्र वापरून मेलेल्या खेळाडूंपैकी एकाला आपला शिष्य म्हणून परत बोलावू शकतो, आणि त्याला कोणती विद्या द्यायची हेही निवडतो. खलनायकीची उमेदवारी याहून चांगली कोणी आखली असेल असे मला वाटत नाही. ‘स्पेस स्टेशन १४’मधला चोर हाही सोय म्हणून उत्तम. त्याला वस्तू लांबवायच्या असतात, पण कोणाला इजा करता येत नाही. नवख्याने लपायला, थाप मारायला, पकडले गेल्यावर सारवासारव करायला शिकावे तर इथे. त्याच्या हातून कोणाचा तासभर वाया जात नाही.

खेळ रचणाऱ्यांनी नवख्या खलनायकाला कुबड्या द्याव्यात, हे ‘ब्लड ऑन द क्लॉकटॉवर’ या अलीकडच्या टेबलखेळाकडून शिकावे. त्यात गावात लपलेल्या राक्षसाला पहिल्याच रात्री त्याचे साथीदार कोण ते सांगतात. त्याबरोबर, या डावात कोणाकडेच नसलेली तीन भली पात्रेही सांगतात. म्हणजे उद्या कोणी ‘तू कोण?’ विचारले तर बिनधोक मारता येतील अशा तीन थापा त्याच्या खिशात तयार असतात. तरीही एखादा नवखा राक्षस झाला की जाणता सूत्रधार त्याला हळूच बाजूला घेऊन धीर देतो. पन्नास जणांच्या धावत्या स्थानकावर असा सूत्रधार कुठून आणणार?

एक आक्षेप मात्र मला मनापासून आवडतो : खलनायकीच्या गोष्टीत शिकाऊला जागाच नाही, म्हणजे तो नुसता प्रेक्षक. पण असे मुळीच नाही. इंटर्न फितूर नसतो, त्याला शिकवणारा डॉक्टर असू शकतो! ‘ही पेटी जरा मालखात्यात देऊन ये’ म्हणून सांगितलेला भाबडा इंटर्न, आणि पेटीत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. रक्षक त्याला थांबवतात, तो खरेखरे सांगतो, आणि त्याच्या खरेपणामुळेच डॉक्टर सुटतो. किंवा सुटत नाही, कारण इंटर्नला मध्येच एक शंका येते. फितुरीच्या डावातले हे सर्वांत रसाळ प्रसंग शिकाऊ निर्दोष असल्याखेरीज घडतच नाहीत. दोघांनाही फितूर होता येऊ लागले, की पेटी देणारा आणि नेणारा एकमेकांकडे संशयाने पाहत राहतील आणि पेटी जागची हलणार नाही.

सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी म्हणून माझा कौल असा. सुरुवातीच्या सोडतीत शिकाऊ पदे नकोत, आणि यात वैद्यकीय, इंजिन, संशोधन असा भेद करू नये. डावाच्या मध्यावर दुसऱ्याच्या हातून खलनायक होण्याची, शिष्य किंवा चोर होण्याची वाट त्यांना खुली असावी. कॅडेटला मात्र तीही नको, त्याचा माइंडशील्ड शाबूत राहावा. तास भरले की शिकाऊ पद बंद व्हावे, आणि या नियमात दयामाया नको, कारण तो ढिला पडला तर बाकीचे तिन्ही नियम कागदावर राहतील. आणि ज्या नवख्याला थेट फितुरीच करून पाहायची आहे, त्याने ‘स्पेस स्टेशन १४’मध्ये प्रवासी होऊन यावे. ते पद पहिल्या दिवसापासून उघडे आहे, आणि प्रवाशाला सोडतीतून वगळलेले नाही.